बायकांच्या सतरंजीवरचे हात

लग्न होऊन मी अजमानला आले तेव्हा सासरचं गाव मागे राहिलं, असा माझा गोड गैरसमज होता. माहेर रायगडातलं, सासर रत्नागिरीतल्या एका खाडीकाठचं, आणि संसार अजमानमधल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. गावाशी संबंध यायचा तो शाळेच्या सुट्टीत, असं मी गृहीत धरलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात कळलं की गाव माझ्या आधीच इथे येऊन बसलेलं आहे. आमच्या गावची एक गल्फ कमिटी आहे. दुबई, शारजा, अजमान, अबुधाबी, जिथे म्हणून गावची माणसं कामाला आहेत तिथून ती वर्षातून एकदा एका पार्कात जमतात, कोळशावर चिकन भाजतात आणि गावाचं काय करायचं ते ठरवतात. मशिदीचं छप्पर, कब्रस्तानची भिंत, शाळेच्या खोल्या, सगळं इथे ठरतं. गावात राहणाऱ्यांना ते नंतर फोनवर कळतं.

ठरवणारे अर्थातच पुरुष. ती वाईट माणसं नव्हती. आठवडाभर दुसऱ्यांची कामं करून थकलेली, गावासाठी सुट्टीचा दिवस देणारी माणसं होती. झाडाखाली त्यांची सतरंजी, आणि थोडी पलीकडे, आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत अशा अंतरावर, आमची. घरटी एक मत. हात वर करायचा, अध्यक्षांनी मोजायचा. नेमक्या त्याच वेळी आम्ही बायका टोपातून वाफवलेली तांदळाची सांदणं काढून ताटं भरत असायचो. वाढायची वेळ आणि मोजायची वेळ एकच कशी येते, हे मी एकदा नवऱ्याला विचारलं. त्याने मला चटणी कुठे ठेवलीय ते विचारलं.

चाची आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून नवऱ्याची चाची, आणि म्हणून माझीही. सातवीपर्यंत शिकलेल्या, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आलेल्या. दुपारी असरच्या नमाजनंतर बिल्डिंगमधल्या मुलांना अरबी वाचायला शिकवायच्या. माझा मुलगाही पुढे त्यांच्याकडेच शिकला. अंगाने लहानशा, आवाज खणखणीत, आणि कुणी त्यांच्या घरून न खाता निघालं तर त्या मनापासून दुखावायच्या. मी आले तेव्हा मला इथलं काही म्हणजे काही येत नव्हतं. एसीचा मेकॅनिक कसा बोलवायचा इथपासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणीला सलाम कसा करायचा इथपर्यंत सगळं चाचींनी शिकवलं, आणि शिकवताना यथेच्छ रागावल्याही.

चाचा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर स्टोअरकीपर होते. महिनाभर समुद्रात, महिनाभर घरी. इथे सगळे त्याला रोटेशन म्हणतात. कमिटीची मीटिंग बहुतेक वर्षी त्यांच्या समुद्रातल्या महिन्यात यायची. आणि कमिटीचा नियम असा, की ज्या घरचा पुरुष आला नाही ते घर गैरहजर. त्या घराचं मत त्या वर्षापुरतं बाद. चाची पहाटे उठून सगळ्यांत मोठं टोप भरून सांदणं करायच्या, घर आवरायच्या, टॅक्सी करून सगळ्यांच्या आधी पार्कात पोहोचून सावलीची जागा धरायच्या, आणि तरी त्यांचं घर गैरहजर लागायचं.

माझा मुलगा नुकता रांगायला लागला होता त्या वर्षीची गोष्ट. अध्यक्षांनी गैरहजर घरं वाचायला सुरुवात केली. त्यात चाचांचं नाव आलं. चाचींच्या हातात डाव होता. तो तसाच हातात धरून त्या पुरुषांच्या सतरंजीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"आमचं घर हजर आहे, भाई."

आधी सगळे हसले. चाची काहीतरी गंमत करतायत असंच सगळ्यांना वाटलं. अध्यक्षही हसत म्हणाले की भाभी, भाई तर ऑफशोअर आहेत ना.

"ते समुद्रात आहेत. घर समुद्रात नाही. घर चालवते ती मी इथे उभी आहे."

मग कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला, असं म्हटलं. ज्या सुरात ते म्हणाले त्या सुरात म्हटलं की विषय मिटला, हे इथे राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. चाची परत आल्या आणि वाढायला लागल्या. माझ्या ताटात रस्सा कमी आणि सतरंजीवर जास्त पडला.

विषय मिटला नाही, कारण चाचींनी शुक्रवार हाताशी धरला. शुक्रवारी पुरुष जुम्म्याच्या नमाजला मशिदीत जातात. तेवढा वेळ घरोघरच्या बायकांचे फोन मोकळे असतात आणि पलीकडे कान देऊन कुणी बसलेलं नसतं. पुरुष परतले की घरी आपली जोहरची, दुपारची नमाज पढायची, तोवर फोन, असं चाचींचं वेळापत्रक ठरून गेलं. मी क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करते, शुक्रवारी लवकर सुटते, त्यामुळे कित्येकदा त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी ते फोन ऐकले आहेत. हक्क, अन्याय असले शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. तब्येत, मुलांचे मार्क, कोळंबीचा भाव, आधी दिरहममध्ये आणि मग मोठ्याने रुपयांत, सगळं बोलून झालं की शेवटी सहज विचारायच्या, या वर्षी तुझ्या घराचा हात कशावर वर गेला गं? बहुतेकींना माहीत नसायचं. चाची मग जास्त काही न बोलता फोन ठेवायच्या. पुढचं काम त्या त्या घरी नवरा मशिदीतून परत आल्यावर, जेवणाच्या ताटावर आपोआप व्हायचं.

चाचींचं मागणं तेव्हा इतकंच होतं, की नवरा नसेल त्या घराचा हात बायकोने वर करावा. अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर राहणारी आमच्या गावची एक सून आहे, बँकेत नोकरी करते. बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने एक दिवस भलतंच विचारलं. ज्यांचे नवरे हजर असतात त्यांचं काय? माझ्या नवऱ्याचं मत म्हणजे माझं मत, हे कुणी ठरवलं?

चाचींना हे अजिबात आवडलं नाही. एका घरात दोन हात झाले तर भांडणं होतील, असं त्या मला म्हणाल्या. आठवडाभर त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मग एका संध्याकाळी वर आल्या, सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या की भांडणं तशीही होतातच. तेव्हापासून त्या प्रत्येक बाईच्या वेगळ्या हातासाठी बोलायला लागल्या. चाचा घरी आले तेव्हा त्यांनी चहा पिता पिता विचारलं, म्हणजे तू माझ्या विरुद्ध हात वर करणार? चाची म्हणाल्या, विषय काय आहे त्यावर. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आम्हा सुनांच्या नशिबी असे नवरे थोडे कमी आले, पण ते असो.

काही हिवाळे गेले आणि कमिटीने मान्य केलं. काहींना पटलं असेल, काही शुक्रवारच्या जेवणाला कंटाळले असतील. पुढच्या मीटिंगपासून गावच्या प्रत्येक मोठ्या माणसाचा, बाई असो की पुरुष, एक हात. चाचींनी त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला खीर वाटली. कशाबद्दल, हे खालच्या वॉचमनला काही केल्या कळेना.

ती पुढची मीटिंग म्हणजे चाचींची इथली शेवटची. चाचा निवृत्त व्हायचे होते, मीटिंगच्या वेळी त्यांचा समुद्रातला शेवटचा महिना चालू असणार होता. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि माणूस गावी परततो. कितीही वर्षं राहिलेला असला तरी. त्यामुळे बायकांचा हात पहिल्यांदा वर जाणार होता आणि चाचींचा एकदाच.

त्या वर्षी विषय दोन होते आणि कमिटीच्या आवाक्यात एकच बसत होता. एक, गावच्या हायस्कूलला अकरावी-बारावीचे वर्ग जोडणे. दोन, लग्नांसाठी पक्का हॉल. चाचींचा जीव वर्गात अडकलेला होता, कारण त्यांची नात त्या वर्षी दहावीला होती. चाचींचा मुलगा मी इथे यायच्या आधीच नोकरी जाऊन गावी परतला, तिथे दुकान चालवतो, त्याची ही मोठी मुलगी. हुशार. दादीला रोज फोन करून काय काय शिकलं ते सांगायची. पुढचं कॉलेज खाडीपलीकडे. होडीने जायचं, आणि पावसाळ्यात होडी बंद झाली की रस्त्याने मोठा वळसा. तिच्या अब्बांनी सांगून टाकलं होतं की पोरीला एकटीला मी पाठवणार नाही. वर्ग गावात झाले तर शिकेल, नाही तर घरी बसेल.

चाचींनी पुन्हा शुक्रवार धरले. सगळ्या बायका फोनवर हो चाची, हो चाची म्हणाल्या. मीही निर्धास्त होते.

पण फोनवरचं बोलणं वेगळं आणि सतरंजीवरचं वेगळं. त्या दिवशी जेवण लावता लावता शारजाच्या एका बाईने विषय काढला. तिच्या मुलीचं लग्न जुलैत ठरलं होतं. आम्हा गल्फवाल्यांची लग्नं जुलै-ऑगस्टमध्येच होतात, कारण इथल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, आणि गावाला तेव्हा धो धो पाऊस असतो. या एका गोष्टीपायी आमच्या गावातल्या किती नवऱ्या चिखलातून चालत गेल्या असतील. बाईने आपल्या बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगितली. ताडपत्री वाऱ्याने फाटली, पाणी थेट बिर्याणीच्या देगेत पडलं, आणि वाढपी बायका घोटाभर चिखलात उभ्या राहून रडत होत्या. पुरुष मशिदीच्या ओट्यावर कोरडे बसले होते. हॉल झाला तर आत स्वयंपाकाची जागा असेल, बायकांना बाथरूम असेल. ती बोलत होती आणि बाकीच्या माना डोलावत होत्या. प्रत्येकीकडे असं एक लग्न होतं. आमची मुलं इथे शिकतात. गाव म्हणजे आमच्यासाठी लग्नाची जागा. मी तेव्हाच मनातल्या मनात हात मोजायला लागले.

अध्यक्षांनी आधी पुरुषांचे हात मोजले. वर्ग पुढे होता, थोडासा, पण होता. मग ते चपला काढून आमच्या सतरंजीपाशी आले. ते तसे आले हे मला आवडलं. वर्गासाठी त्यांनी विचारलं तेव्हा चाचींचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. चार बोटं जुळवून, अगदी ताठ, शाळेतल्या मुलीने करावा तसा. माझा गेला, अल रीमवालीचा गेला, आणखी थोड्यांचे गेले. मग हॉल. एकामागून एक हात वर होत राहिले. फोनवर हो चाची म्हणणाऱ्यांचेही. एकीने तर चाचींकडे पाहायचं टाळण्यासाठी मान खाली घालून हात वर केला होता. दोन्ही बाजूंची बेरीज झाली आणि हॉल जिंकला.

अध्यक्ष आणि सेक्रेटरी बाजूला जाऊन काहीतरी बोलले आणि मग चाचींना त्यांनी कोळशाच्या शेगडीपाशी बोलावलं. चाची मला बरोबर घेऊन गेल्या. अध्यक्षांनी स्वतः वर्गासाठी हात वर केला होता. त्यांचे वडील त्याच हायस्कूलमध्ये मास्तर होते. ते हळू आवाजात बोलले.

"भाभी, लेडीजचा हात या वर्षी फर्स्ट टाइम आहे. रूल्समध्ये अजून लिहिलेला नाही. या वेळेपुरता तो सल्ला म्हणून धरू. मग जेन्ट्सच्या काउंटवर वर्ग पास होतो. तुम्हीच हे सगळं आणलंत, तुम्ही हो म्हटलंत तर कुणी काही बोलणार नाही."

त्यांच्या मनात लबाडी नव्हती. त्यांना खरंच त्या मुलीचं भलं करायचं होतं. आणि मी खरं सांगते, चाचींनी हो म्हणावं असंच मला वाटत होतं. मी त्यांचा दंड दाबला. हॉल पुढच्या वर्षी होईल, पोरीची अकरावी पुढच्या वर्षासाठी थांबणार नाही, हे मी त्यांच्या कानात बोललेही.

चाचींनी बायकांच्या सतरंजीकडे पाहिलं. तिथे ताटं गोळा करणं चाललं होतं. शारजावाली आपल्या होणाऱ्या जावयाचा फोटो दाखवत होती आणि पोरंसोरं कोल्ड्रिंकवरून भांडत होती. मग त्यांनी विचारलं, "मोजलेत ना तुम्ही त्यांचे हात?"

"मोजले."

"मग हॉल झाला. खलास."

मग त्यांनी पुढच्या वर्षी वर्गाचा विषय पुन्हा मांडायला सांगितलं, आणि बायकांचा हात आजच्या आज रूल्समध्ये लिहून घ्यायला सांगितलं. अध्यक्षांनी मान खाली घालून हो म्हटलं.

घरी परतताना नवरा गाडी चालवत होता, चाची त्याच्या शेजारी, मी आणि मुलगा मागे. मुलगा आता शाळेत जायच्या वयाचा. त्याने विचारलं, "चाची, डिड वी विन?" मग माझं तोंड सुटलं. या बायकांसाठी तुम्ही इतकी वर्षं फोन केलेत, आणि पहिल्याच फटक्यात त्यांनी तुमच्याच नातीचा गळा धरला, असं मी म्हटलं. आणखीही बरंच बोलले. अजूनही त्यातलं काही मागे घ्यावंसं मला वाटत नाही.

"शारजावालीने खोटं काय सांगितलं?" चाची म्हणाल्या. "तिच्या बहिणीच्या लग्नात त्या चिखलात मी पण उभी होते."

एवढं बोलून त्या खिडकीकडे वळल्या आणि ओढणी तोंडाशी धरून रडायला लागल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. चाचांची आई गेल्याचा फोन आला तेव्हाही त्यांनी आधी चाचांना निरोप पोहोचवायची धडपड केली होती. नवऱ्याने रेडिओ बंद केला. शारजाचा ट्रॅफिक नेहमीसारखाच होता.

बिल्डिंगखाली गाडी लावल्यावर चाची उतरेनात. पोरगी फोनची वाट बघत बसली असेल, म्हणाल्या, आणि वर एकट्या घरात जाऊन तो फोन करायची हिंमत होत नाही. त्यांनी तिथेच नंबर लावला आणि फोन मांडीवर ठेवून स्पीकर सुरू केला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"हॉल झाला, बेटा."

मग मुलीने विचारलं, "पुरुषांनी पाडलं?"

"नाही. बायकांनी."

इथे थांबता आलं असतं. मी असते तर थांबले असते. अध्यक्ष काय म्हणाले होते हे मुलीला कधीही कळलं नसतं. पण चाचींनी तिला तेही सांगून टाकलं. बायकांचे हात बाजूला ठेवून वर्ग मिळत होता आणि मी नको म्हटलं, असं. मुलीने का म्हणून विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"आज मी त्यांचे हात सोडले असते, तर उद्या कुणी तुझा सोडला असता."

हे चाची घाईघाईने बोलल्या आणि मग घाबरून फोनकडे बघत राहिल्या.

"मग आता माझं काय, दादी?"

"होडीने जायचं. मी येतेय ना आता कायमची. रोज तुझ्याबरोबर पलीकडे येईन. होडी बंद असेल तेव्हा रस्त्याने येईन."

"आणि अब्बा नाही म्हणाले तर?"

चाचींनी ओढणीने नाक पुसलं. "तुझी अम्मी आहे, तू आहेस, मी येतेय. तिघींचे हात वर करू. त्याला म्हणावं, मोज."

पलीकडे मुलगी हसत होती की रडत होती ते स्पीकरवर कळेना. चाचींनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि हाताने आम्हाला वर जायची खूण केली.